मदत हवी आहे: पोर्ट लुईतल्या फ्रेंचकालीन भिंतीचे सांधे कोणत्या चुन्याने भरावेत?

मॉरिशसचा गव्हर्नर ला बूर्दोने (१७३५ ते १७४६) याने पोर्ट लुईचं बंदर उभं केलं. तिथल्या जुन्या बांधकामात दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा पाषाण, पण चुना प्रवाळ भाजून केलेला. बंदराजवळच्या गोदामाच्या अशाच एका भिंतीला खालच्या मीटरभर उंचीत लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारे पांढरे क्षार) लागला आहे.

कारण उघड आहे: सांधे कधीतरी सिमेंटने भरले होते. पाषाण घट्ट, ओल मुख्यतः सांध्यातून बाहेर पडते. तीच वाट बंद झाली.

सिमेंट छिन्नीने ३० मिमी खोल काढलं, यंत्र लावलं नाही. कागदाच्या लगद्याचा लेप दोनदा देऊन क्षार ओढले. नमुन्यादाखल दोन चौरस मीटरवर हायड्रॉलिक चुना (पाण्याने घट्ट होणारा) १ : धुतलेली रेती २.५ भरून पाच दिवस गोणपाट ओलं ठेवलं. तीन महिन्यांत लोणा पुन्हा फुटला, तोही सांध्यात नाही, दगडाच्या कडांवर. म्हणजे हा चुनाही जास्तच कडक.

प्रवाळ काढायला मनाई आहे, त्यामुळे तो पर्याय नाही. तीन महिने मुरवलेला कळीचा चुना मिळतो. वादळांचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो.

समुद्रालगतच्या किल्ल्यांवर काम केलेल्यांनी सांगावं: मुरवलेला चुना, रेती आणि विटांची भुकटी यांचं प्रमाण किती ठेवता, आणि जोराच्या पावसाआधी किमान किती दिवस हवेत?