हरण्यात आम्ही कमी पडलो नाही, बापू

लोकलमधूनच:
थंडरबापूंचा कालचा लेख वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी थंडरने मुकाट्याने मार खाल्ला, ड्राफ्टचे (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीचे, जिथे हरणाऱ्यांना आधी पाळी मिळते) नंबर साठवले आणि २०२५ चं विजेतेपद घेतलं, म्हणून छोट्या शहरातल्या पडक्या संघाला हाच एक रस्ता आहे. इथवर ठीक. पण शेवटी फोडणी घातलीत, "सॅक्रमेंटोवाल्यांना तर नीट हरताही येत नाही." त्या एका वाक्यासाठी हा वेगळा धागा.

अहो बापू, हरणं आम्हा सॅक्रमेंटो किंग्जवाल्यांना शिकवता? २००६ नंतर प्लेऑफ पाहिले ते थेट २०२३ मध्ये. मधले १६ हंगाम कोरडे. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. आणि या काळात नंबर मिळत होते की! पण दरवेळी पुढचे तारे आमच्या हातून सुटले. २००९ ला चौथा होता, टायरीक इव्हान्स घेतला. सातव्यावर करी गेला. २०१२ ला पाचव्यावर थॉमस रॉबिन्सन घेतला आणि लगेच सहाव्यावर लिलार्ड. २०१५ ला सहाव्यावर कॉली-स्टाइन, तेव्हा बुकर तेराव्यापर्यंत शिल्लक होता. २०१८ बद्दल लिहायला बसलो की अजून पोटात खड्डा पडतो. ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत सातव्यावरून दुसऱ्यावर उडी, लक्ष्मी टिळा लावायला दारात उभी, आणि आम्ही बॅगली घेतला. तिसऱ्यावर डॉन्चिच.

तेव्हा हरण्यात काही कसूर नव्हती. निवडताना चुकलो, आणि निवडलेला माणूस सांभाळताना त्याहून जास्त चुकलो. तुमच्या थंडरचंच बघा. शे गिल्जस-अलेक्झांडर त्यांनी ड्राफ्ट केलाच नव्हता. २०१८ चा अकरावा नंबर, शार्लटने घेऊन क्लिपर्सला दिलेला. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात तो आला, सोबत पहिल्या फेरीचे पाच नंबर आणि दोन अदलाबदलीचे हक्क (समोरच्याचा नंबर वरचा असेल तर आपला देऊन तो घेण्याचे). त्यातल्याच एका नंबरावर २०२२ ला जेलन विल्यम्स. म्हणजे विजेत्या संघातले पहिले दोन खेळाडू एका सौद्यातले. आणि तो सौदा झाला त्याच्या आदल्या हंगामात थंडर ४९ सामने जिंकली होती. कुठे आलं हरणं?

(थंडीत किंग्जचा घरचा सामना आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होतो. मी तो डोंबिवली ते दादर एका हाताने कडी धरून बघतो. भावना समजून घ्या.)

थंडरबापू:
भावना समजल्या, कडी सोडू नका. पण सौदा करायला गाठीला काही लागतं की नाही? पॉल जॉर्ज काय आकाशातून पडला? तो आला ओलाडिपो आणि साबोनिसच्या बदल्यात. ते दोघं आले सर्ज इबाकाच्या बदल्यात. आणि इबाका म्हणजे २००८ च्या ड्राफ्टचा २४ वा नंबर. मूळ गंगोत्री ड्राफ्टच.

आणि आमचा चेट होल्मग्रेन? २०२२ चा दुसरा नंबर २४-५८ असा हंगाम काढल्याशिवाय मिळाला असता? त्याच हंगामात मेम्फिसने आम्हाला १५२-७९ ने धुतलं. ७३ गुणांनी, लीगचा विक्रम. मी पूर्ण बघितला. कुठे धागा काढून रडलो का?

लोकलमधूनच:
गंगोत्रीपर्यंत गेलातच तर अजून दोन पावलं चला. तो २४ वा नंबर फिनिक्सचा होता. कर्ट थॉमसचा पगार डोक्यावर घेतला म्हणून फुकटात मिळालेला. हरून नव्हे, दुसऱ्याची अडचण ओळखून. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभार.

आकडेमोड्या:
दोघंही जुन्या जमान्यात आहात. पूर्वी तळाच्या संघाला पहिल्या नंबराची शक्यता २५ टक्के होती. २०१९ पासून तळाच्या तिघांना सारखी १४. तेव्हापासून २०२५ पर्यंत सात लॉटऱ्या झाल्या आणि सर्वात खराब कामगिरीच्या संघाला पहिला नंबर एकदाही मिळालेला नाही. डेट्रॉइट २०२३-२४ मध्ये १४-६८, सलग २८ पराभव, हाती आला पाचवा नंबर. २०२४-२५ मध्ये युटा १७-६५, तोही पाचवा. आणि पहिला कुणाला? १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला, ज्यांनी तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने डॉन्चिच देऊन टाकला होता. हरण्याचं गणित आता बसत नाही. बास.

काकड आरती:
गणित तेव्हा तरी कुठे बसत होतं? मी फिलाडेल्फियावाला. पहाटे साडेपाचचे सामने, म्हणून हे नाव. १९, १८ आणि १० विजय, असे ओळीने तीन हंगाम. संघाचे व्यवस्थापक हिंकीसाहेब म्हणाले विश्वास ठेवा, ठेवला. राजीनामा देताना तेरा पानी पत्र लिहून गेले. एम्बीड मिळाला, तो २०२३ ला एमव्हीपीही (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या फेरीपुढे? २०१९ ला टोरांटोच्या कवायचा चेंडू रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला तेव्हा माझा चहा उतू गेला. गॅस अजून तसाच चिकट आहे असं बायको म्हणते.

लोकलवाले, तुमचे मात्र आभार मानायचे राहिले. २०१५ ला पगाराचं ओझं हलकं करायला तुम्ही आम्हाला स्टाउस्कस, एक पहिल्या फेरीचा नंबर आणि अदलाबदलीचे हक्क देऊन टाकलेत. त्यामुळे २०१७ ला तुमचा तिसरा नंबर आमच्याकडे आला. आम्ही तो वर आणखी भर घालून बॉस्टनला दिला, पहिला नंबर घेतला आणि फुल्ट्झ उचलला. बॉस्टनने तिसऱ्यावर पुढे तारा झालेला टेटम घेतला. एकाच नंबरात दोन संघ बुडाले, असं दुसरं उदाहरण द्या.

फोल्समची वहिनी:
तुम्ही सगळे मोबाइलवर बघणारे. आम्ही सीझन तिकीट काढतो. डाउनटाउनचं पार्किंग, मुलांचे नाचोज, आणि वर कुणीतरी सांगणार की यंदा हरायचं ठरलंय, चार वर्षांनी या. कुठल्या दुकानात चालतं असं? २०१३ ला हा आमचा सॅक्रमेंटोचा संघ सिएटलला जायला निघालेला आम्ही पाहिलाय. गाव हातचा संघ जाईल म्हणून रस्त्यावर उतरलं होतं. त्या लोकांपुढे मुद्दाम हरायचं म्हणजे शुद्ध फसवणूक.

२०२२-२३ चा हंगाम बघायला हवा होतात. ४८ विजय. प्रत्येक विजयानंतर छतावरून जांभळा झोत आकाशात. आमची धाकटी गाडीत मागच्या सीटवर उलटी बसून दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. तो संघ हरून नाही उभा राहिला, हॅलिबर्टन देऊन साबोनिस आणला म्हणून उभा राहिला. आणि हो, त्याच हॅलिबर्टनसाठी थोरली दोन दिवस जेवली नव्हती. २०२५ ला तो इंडियाना पेसर्सकडून फायनल खेळला आणि सातव्या सामन्यात टाचेवरची शीर (अकिलीस टेंडन) तुटून खाली बसला, तेव्हा पुन्हा रडली. आता सांगा मी कुणाच्या बाजूने बोलू?

थंडरबापू:
वहिनी, किंग्जचे मालक मुंबईत जन्मलेले आहेत, रणदिवे. आपल्याच माणसाला जरा सबुरी शिकवा ना.

लोकलमधूनच:
आपला माणूस वगैरे ठीक. ऑक्टोबर २०१९ ला त्यांनी संघ वरळीला आणला तेव्हा अभिमान मलाही वाटला. दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून गेलो, पेसर्सकडून १३०-१०६ हरलो, तरी आनंदात घरी आलो. पण डिसेंबर २०१४ ला मॅलोनला काढलं ते कसं विसरू? आमचा मुख्य खेळाडू कझिन्स मेनिंजायटिसने अंथरुणात, संघ ११-१३, आणि प्रशिक्षक घरी. त्याच मॅलोनने २०२३ ला डेन्व्हरला विजेतेपद दिलं.

काकड आरती:
आणि डेन्व्हरने त्याला २०२५ च्या एप्रिलमध्ये काढलं. सबुरी कुणाकडेच नाही, उगाच एकट्या मुंबईकराला धरू नका.

साडेपाच फुटी:
अवांतर होईल, पण बोलतोच. बॅगली दुसरा आणि डॉन्चिच तिसरा का? एक उंच, उडी मारणारा. दुसरा म्हणे हळू. हीच मोजपट्टी आपल्याकडे आहे. मी सांगलीचा. जिल्हा निवडीला तीन दिवस ट्रायल होती. दोन दिवस माझ्या हातून चेंडू कुणाला काढता आला नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीला खडूची रेघ मारली आणि रेघेखालचे सगळे घरी. माझ्या जागी घेतलेला मुलगा व्हॉलीबॉलचा होता. डबल ड्रिबल म्हणजे काय ते त्याने मलाच विचारलं होतं.

जुना कोच:
रडगाणं नेहमीचंच. मी वीस वर्षं शाळेचे संघ घेऊन फिरलोय. ड्रिबल शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही. राज्य पातळीला समोर पंजाबसारखे संघ येत नाहीत, पण राष्ट्रीयला येतात. तिथे तुमच्या हातून चेंडू काढायची गरजच नसते, डोक्यावरून टाकतात.

साडेपाच फुटी:
२०११ चा साठावा, म्हणजे शेवटचा नंबर. आयझाया थॉमस, पाच फूट नऊ. किंग्जनेच घेतला आणि २०१४ ला जाऊ दिला. बॉस्टनला २०१६-१७ मध्ये सरासरी २८.९ गुण. त्याच्या डोक्यावरून टाकत नव्हते?

जुना कोच:
टाकत होते. बचावात त्याला लपवायला लागायचं, सामने नीट बघा. आणि एका थॉमसमागे असे किती साडेपाच फुटी चहाच्या टपरीवर "माझ्यावर अन्याय झाला" सांगत बसलेत, तेही मोजा.

साडेपाच फुटी:
टपरी कशाला काढता? मी बँकेत आहे. आणि तो व्हॉलीबॉलचा मुलगा त्या स्पर्धेत किती मिनिटं खेळला ठाऊक आहे? चार. मी गॅलरीत बसून मोजली, स्वखर्चाने.

फोल्समची वहिनी:
कोचसाहेब, माझ्या थोरलीला इथल्या शाळेत बारकी म्हणून सोडलं होतं. तिने परसात रोज दोनशे थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट) मारले. पुढच्या वर्षी घेतलं. उंची तेवढीच होती.

जुना कोच:
तिला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं ना? आपल्याकडे पोरगं सतराचं झालं की संपलं. बारावी, क्लास, सीईटी. मला तीन दिवस मिळतात आणि एक मैदान, त्याच्या अर्ध्या भागात लग्नाचा मांडव. अशा वेळी खडूची रेघच मारावी लागते. चुकीची असते, माहीत आहे. सांगलीच्या पोराचा खेळ मी पाहिलेला नाही, असेल चांगला. असेल.

आकडेमोड्या:
धागा ड्राफ्टवर होता याची नोंद घ्यावी. कोचसाहेबांच्या म्हणण्याला पुरावा एवढाच की डेन्व्हरचा तारा जोकिच ४१ वा नंबर होता आणि तो सहा फूट अकरा इंच आहे. म्हणजे रेघ मारूनही तो सुटला नसता, तरी पहिल्या चाळीस नंबरांत त्याला कुणीच घेतला नाही. रेघेचा दोष नाही, बघणाऱ्यांचा.

लोकलमधूनच:
हेच तर मी पहिल्या प्रतिसादात म्हणत होतो. बापू, कबूल करा.

थंडरबापू:
अर्धं करतो. निवड महत्त्वाची, हरणं पुरेसं नाही. पण २०२१ ला घेतलेला गिडी देऊनच आम्ही कॅरुसो आणला, आणि गिडी सहावा नंबर होता. सहावा नंबर जिंकून मिळत नाही. बाकी अर्धं तुम्ही कबूल करा. आणि एक सांगा, २०२५ चा तुमचा पहिल्या फेरीचा नंबर कुठे आहे?

लोकलमधूनच:
अटलांटाकडे गेला. तेरावा होता. २०२२ ला हर्टरसाठी दिलेला.

थंडरबापू:
आणि हर्टर?

लोकलमधूनच:
फेब्रुवारी २०२५ मध्ये शिकागोला. आमचा तारा फॉक्स सॅन अँटोनियोला गेला त्याच सौद्यात. पण आम्ही ड्राफ्टच्या रात्री एक २४ वा नंबर मिळवला, क्लिफर्ड घेतला, पोरगा चांगला वाटतोय.

काकड आरती:
२४ वा? इबाकाचाच आकडा. कुणाकडून घेतलात?

थंडरबापू:
सांगा, सांगा.

लोकलमधूनच:
दादर आलं. उतरतो.