रँडच्या आधीचं डांबर
दामोदर चापेकरांचा मुंबईशी संबंध तिथे अटक झाली एवढ्यापुरताच, असं एकाने म्हटलंय. ते पटलं नाही. पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर त्यांनी गोळी झाडली २२ जून १८९७ला. त्याच्या आदल्या वर्षीच मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली होती. कोणी केलं याचा पत्ता नव्हता. रँड प्रकरणात पकडल्यावर दामोदरपंतांनी स्वतःच सांगितलं. १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात फाशी झाली.

तो पुतळा आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. भाचीला राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला नेलं की मी हटकून तिकडे वळतो. पांढऱ्या दगडावर डांबराचा डाग शोधतो, वेड्यासारखा. भाची मात्र आइसक्रीमसाठी हात ओढत असते.