मदत हवी आहे: दान मिळालेल्या शेतात गवताळ रान उभं करायचंय

अमळनेरकडची सहा एकर भारी काळी जमीन, एका कुटुंबाने विद्यापीठाला निसर्ग राखण्यासाठी दिलेली. आधी कायम कपाशी. आता पहिल्या पावसातच गाजरगवत माजतं. फुलायच्या आत उपटतो. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगेही सोडले, पण ते जोर धरेपर्यंत बी पडलेलं असतं. मारवेल-पवन्या या गवतांचं बी (मागच्या हंगामाचं, ताजं नव्हे) वाळू-शेणात कालवून जूनमध्ये फोकलं. उघडीप पडली, उरलेलं मुंग्यांनी नेलं.

दानपत्रात तणनाशक आणि नांगरट दोन्हींना मनाई. बोअर नाही. कृपया झाडं सुचवू नका, गवताळ रानच हवंय.

आता मारवेलचे ठोंब (मुळांसकट फुटवे) लावायचेत. निव्वळ पावसावर, दोन ठोंबांत अंतर किती? आणि पहिल्या वर्षी कापावं की तसंच राखावं?