दीर्घिकांचं चुंबकीय क्षेत्र 'मोजलं' म्हणायचं का?

सांजतारा:
जवळच्या सर्पिल दीर्घिकांबद्दल वाचताना एक वाक्य सारखं भेटतं: 'चुंबकीय क्षेत्र सुमारे १० मायक्रोगाउस आहे.' (मायक्रोगाउस म्हणजे गाउस या चुंबकीय क्षेत्राच्या एककाचा दहा लाखावा भाग.) माझी हरकत त्या 'आहे'ला आहे. दुर्बिणीला दिसते ती रेडिओ तेजस्विता. विश्वकिरणांमधले (अवकाशात जवळपास प्रकाशवेगाने धावणाऱ्या भारित कणांमधले) इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांभोवती गरगरत सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात, त्याची. पण तेवढंच तेज थोडे इलेक्ट्रॉन आणि जोरकस क्षेत्र यांतूनही येईल, पुष्कळ इलेक्ट्रॉन आणि दुबळं क्षेत्र यांतूनही. ही गाठ सोडवायला विश्वकिरणांची आणि क्षेत्राची ऊर्जा सारखीच आहे असं धरून चालतात. वर एका इलेक्ट्रॉनमागे १०० प्रोटॉन धरायचे, तबकडीची जाडीही अंदाजाने. अशा आकड्याला अनुमान म्हणावं, मोजमाप नव्हे.

लोलक:
असहमत. गृहीतक चुकलं तर आकडा किती हलतो ते बघा ना! या समान ऊर्जेच्या सूत्रात क्षेत्र तेजस्विता आणि प्रोटॉनांचं प्रमाण यांच्या साधारण चौथ्या मुळाने येतं. प्रोटॉनांचा अंदाज दहापट चुकला तरी उत्तर जेमतेम १.८ पट सरकतं. पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकं क्षीण काहीतरी, कोटी-दोन कोटी प्रकाशवर्षांवरून, दुपटीच्या आत हाती लागतं. मला याचं अपार कौतुक वाटतं.

सांजतारा:
कौतुक मलाही आहे. पण चौथं मूळ सरासरीला वाचवतं, नकाशाला नाही. १० मायक्रोगाउसमध्ये १.४ गिगाहर्ट्झला चमकणारा इलेक्ट्रॉन साधारण ३ जीईव्हीचा (३ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा) असतो, आणि ऊर्जा संपेपर्यंत जन्मस्थानापासून हजारो प्रकाशवर्षं भटकतो. भुजेतल्या सुपरनोव्हाने उधळलेले इलेक्ट्रॉन भुजांच्या मधल्या जागेत जाऊन चमकतात. मग सूत्र भुजेत क्षेत्र कमी सांगतं, मधल्या जागेत जास्त.

ध्रुवमत्स्य:
दोघंही तेजस्वितेतच अडकलात, ध्रुवणाचं, म्हणजे रेडिओ लहरींची कंपनं एकाच दिशेत होण्याचं, काय? त्यावरून क्षेत्ररेषांचा कल कळतो. एनजीसी ६९४६ या सर्पिल दीर्घिकेचा १९९६ मधला नकाशा आठवा. सर्वांत सुसंगत क्षेत्र ताऱ्यांच्या भुजांत नाही, त्यांच्या मधोमध पट्ट्यांसारखं पसरलेलं! भुजांत खळबळ इतकी की रेषा विस्कटतात. हे कळायला प्रोटॉन मोजावे लागत नाहीत.

लोलक:
अगदी. आणि देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेच्या कड्यात फॅरडे परिवलन (क्षेत्रातून येताना ध्रुवणाची दिशा फिरणं; क्षेत्र आपल्याकडे की आपल्यापासून दूर, ते त्याच्या चिन्हावरून कळतं) एका बाजूला धन, समोरच्या बाजूला ऋण, मधे सावकाश बदलत जाणारं. म्हणजे क्षेत्र कड्याभर एकाच दिशेने वाहतंय. डायनॅमोचा, म्हणजे फिरत्या, खळबळत्या वायूने क्षेत्र वाढवत-टिकवत राहण्याचा, याहून स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

सांजतारा:
देवयानीबद्दल पूर्ण सहमत, आणि ते मोजमाप आहे हेही मान्य. फक्त ध्रुवण आणि परिवलन एका तराजूत घालू नका. ध्रुवणात रेघ दिसते, बाणाचं टोक दिसत नाही. दाबाने चपटं झालेलं, जागोजागी उलटं वळणारं क्षेत्रही ठळक ध्रुवण देतं, आणि त्याचं फॅरडे परिवलन मात्र एकमेकांत कटून जातं. एम५१ या सर्पिल दीर्घिकेच्या भुजांत नेमका हाच पेच आहे. म्हणून मागणी एवढीच: तक्त्यातल्या मायक्रोगाउसच्या रकान्यावर 'समान ऊर्जा गृहीत धरून' हे शब्द छापा. एम८२ सारख्या धडाधड तारे घडवणाऱ्या दीर्घिकेत तर छापाच. तिथे इलेक्ट्रॉन बाहेर पडायच्या आत ऊर्जा गमावतात आणि सूत्र क्षेत्र कमी दाखवतं.