प्रति: आईची गुडघेदुखी
अहो, गुडघे दुखतात म्हणून आईंचं चालणं-फिरणं पार बंद केलंय असं लिहिलंय तुम्ही, ते प्लीज नका करू. गुडघ्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, कार्टिलेज) स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वजन पडतं-सुटतं तेव्हा सांध्यातलं वंगण आत-बाहेर होतं आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं, शिवाय बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने बारीक आणि कमकुवत होतो, मग भार सगळा सांध्यावरच. तो स्नायू टिकवायला भिंतीला लावलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगा, खाली बसताना तर अजून सावकाश, धपकन नाही, सुरुवातीला सीटवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं वाटलं तर कमी करा. गुडघा सुजून गरम लागत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर मात्र आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.