मझहरुल इस्लाम यांनी संसद भवनाचं काम लुई कानला देऊन चूक केली का?

वीटभट्टी: ढाक्याचं संसद भवन म्हटलं की अमेरिकी वास्तुकार लुई कान आठवतो. पण ते काम आधी चालून आलं होतं मझहरुल इस्लाम यांच्याकडे. पूर्व पाकिस्तानची नाराजी शमवायला पाकिस्तानचे लष्करशहा आयुब खान यांना ढाक्यात दुसरी राजधानी उभारायची होती आणि इस्लाम तेव्हा सरकारी वास्तुकार होते. माणूस नवखा नव्हता. १९५३ मध्ये अमेरिकेतून परतल्यावर त्यांनी आखलेलं ढाक्याचं कला महाविद्यालय पाहा: उघड्या विटा, वारा खेळेल असे व्हरांडे, झाडांना सांभाळून घेतलेली मांडणी. तरी ते म्हणाले, जगातला मोठा वास्तुकार बोलवा. कॉर्बुझिए आणि आल्टो या युरोपातल्या बड्या वास्तुकारांशी जमलं नाही, मग १९६२ मध्ये काम कानकडे गेलं.

माझ्या मते ही घोडचूक. जो देश घडत होता, त्याची सगळ्यात मोठी इमारत त्या मातीतल्या माणसानं बांधायला हवी होती.

सावली: साफ असहमत. ढाक्यात वास्तुकलेचं शिक्षणच १९६२ च्या सुमारास सुरू झालं. अशा ठिकाणी एक इमारत स्वतःच्या नावावर करण्यापेक्षा पुढच्या पिढीसमोर अव्वल काम उभं राहावं, हा विचार मोठा आहे. पॉल रुडॉल्फ आणि स्टॅनली टायगरमन या अमेरिकी वास्तुकारांनाही तिथं कामं मिळवून देण्यात इस्लामच होते. हे त्यांनी जाणूनबुजून केलं.

वीटभट्टी: सावलीताई, शिकवणी मान्य. पण गुरुदक्षिणा फार महाग पडली. आज परदेशी विद्यार्थी ढाक्याला जातात ते कान पाहायला. कला महाविद्यालयात डोकावतात ते किती?

खडूस: तुम्ही दोघं राजकारण विसरताय. इस्लाम डाव्या विचारांचे. त्या परिसराचं नाव काय होतं? आयुबनगर! लष्करशहाच्या नावाच्या वसाहतीत स्वतःची सही करायची? १९६४ मध्ये तर त्यांनी सरकारी नोकरीच सोडली. हात झटकायला कान सोयीचा होता, एवढं सरळ आहे.

वीटभट्टी: नाही पटत. तसं असतं तर कानला आणायची खटपट कशाला केली असती? सरळ नकार देऊन घरी बसले असते.

खडूस: बरं, हा मुद्दा तुमचा. पण पुढचं ऐका. १९७१ मध्ये युद्ध झालं, काम थांबलं. देश बदलला, आयुबनगरचं शेर-ए-बांगला नगर झालं आणि नव्या सरकारनं तेच नकाशे पुढे चालवले. कान परका होता म्हणून हे शक्य झालं. तो ना आयुबचा, ना कुठल्या पक्षाचा. तेच भवन इस्लाम यांनी बांधलं असतं, तर '७१ नंतर कुणीतरी त्यांच्यावर आयुबचा वास्तुकार असा शिक्का मारलाच असता.

सावली: हे मात्र मी म्हणणार होते. कान १९७४ मध्ये गेला, बांगलादेशचे नेते शेख मुजीब १९७५ मध्ये मारले गेले, इमारत पूर्ण झाली १९८२ मध्ये. एवढ्या उलथापालथीत टिकलेला आराखडा दुसरा दाखवा. (जाता जाता: काँक्रीट पाच-पाच फुटांच्या थरात ओतलं आणि सांधे झाकायला संगमरवराच्या पांढऱ्या पट्ट्या घातल्या. गवंड्यांच्या कामाची गती थेट भिंतीवर दिसते!)

वीटभट्टी: इमारत टिकली हो, माणसाचं काय? स्वातंत्र्यानंतर इस्लाम यांच्या हाती मोठी कामं किती आली? जयपूरहाटची वसाहत, राष्ट्रीय ग्रंथालय... पुढे हात आखडतो. १९५० आणि '६० च्या दशकांत झपाट्यानं काम करणारा माणूस, ज्या देशासाठी राजकारण केलं त्याच देशात रिकामा. संसद भवन नावावर असतं तर इतकं सहज बाजूला सारता आलं नसतं.

पारंबी: मोठं काम नावावर असलं की माणूस वाचतो, हे गृहीतक तपासा. कंबोडियात वास्तुकार वान मोलिवान यांच्या नावावर सगळंच होतं. तिथला सत्ताधीश सिहानूकचा विश्वास, स्वातंत्र्य स्मारक, १९६४ चं राष्ट्रीय क्रीडासंकुल. १९७० मध्ये सत्ता उलटली आणि त्यांना देश सोडावा लागला, परत आले १९९१ मध्ये. त्यांनी बांधलेलं राष्ट्रीय नाट्यगृह पुढे आगीत जळलं आणि २००८ मध्ये पाडलं गेलं. इस्लाम निदान ढाक्यात राहू शकले.

सावली: आणि ते रिकामे नव्हते. १९८० च्या दशकात ‘चेतना’ नावाचा अभ्यासगट त्यांच्याभोवती जमला होता. आज बांगलादेशची वीटकामाची वास्तुकला जगात नावाजली जाते, ती घडवणाऱ्या कित्येक वास्तुकारांची उठबस तिथली.

वीटभट्टी: चेतनाचं श्रेय देतो. पण ताई, अभ्यासगट चालवायला वेळ मिळाला, कारण ड्रॉइंग बोर्डावर काम नव्हतं. याला तुम्ही निवड म्हणता, मी नाही म्हणत.