टर्बो सी++ मधली कर्सरची चाल: आजच्या मुलांना दाखवावी का?

निळी_स्क्रीन

कंपायलर म्हणून, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा म्हणून, टर्बो सी++ कालबाह्य आहे, त्यावर वाद नाही. सी++चं पहिलं प्रमाणीकरण १९९८चं, आणि हा त्याच्या आधीचा. त्यातलं कोनियो (पडदा-कळफलक हाताळणारं हेडर) आणि पडदा पुसणारं क्लिअरस्क्रीन विसरलेलं बरं. मी बोलतोय ते फक्त त्याच्या एडिटरबद्दल, म्हणजे कोड लिहायच्या जागेबद्दल. बारावीला काँप्युटर सायन्स घेऊन ८०८५ मायक्रोप्रोसेसर आणि सी++ शिकलेल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी बॅचेस त्या निळ्या पडद्यासमोर बसल्या, आणि बहुतेकांनी बाणाच्या कळा बडवण्यापलीकडे काही केलं नाही.

खरी चाल अशी होती. कंट्रोल धरून ठेवायचं. ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. एसच्या शेजारी ए, म्हणजे एक शब्द मागे. डीच्या शेजारी एफ, एक शब्द पुढे. ईच्या पुढे आर, एक पान वर. एक्सच्या पुढे सी, एक पान खाली. मध्यापासून बाहेर गेलात की उडी मोठी होते. आणि आधी कंट्रोल-क्यू मारलं की तीच कळ थेट टोकाला नेते: क्यू-एस ओळीच्या सुरुवातीला, क्यू-डी शेवटी, क्यू-आर फाइलच्या डोक्यावर, क्यू-सी तळाशी. हात मधल्या रांगेवरून हलत नाही.

हे डोकं टर्बो बनवणाऱ्या बोर्लंडचं नव्हे, १९७८च्या वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरचं. तेव्हाच्या कितीतरी टर्मिनलांना बाणाच्या कळाच नव्हत्या. १९८३मध्ये टर्बो पास्कलने ही चाल उचलली, पुढे १९८७मध्ये टर्बो सीने. माझं मत: कुठलाही एडिटर शिकवण्याआधी ही मांडणी एक तास तरी मुलांना दाखवावी. कर्सर हलवण्यामागे विचार असू शकतो, एवढं तरी त्यांना कळेल.

एस्केप_दाबा

सपशेल असहमत. तुम्ही कळांचा इतिहास सांगितलात, कळफलकाचा सांगितला नाहीत. ही चाल ज्या कळफलकांसाठी बेतली त्यांवर कंट्रोल ‘ए’ या कळेच्या लगेच डावीकडे असे. आयबीएमच्या पहिल्या पीसीवरही तो तिथेच होता. पुढे १०१ कळांचा कळफलक आला, त्या जागी कॅप्सलॉक बसला आणि कंट्रोल खालच्या कोपऱ्यात गेला. आता करंगळी कोपऱ्यात दाबून त्याच हाताने ई आणि एक्स मारून दाखवा. अर्ध्या तासात मनगट बोलायला लागेल.

म्हणून व्हीआय हा एडिटर टिकला आणि वर्डस्टारची चाल मागे पडली. त्यात कर्सर हलवायला एच-जे-के-एल दाबताना काही धरून ठेवावं लागत नाही.

निळी_स्क्रीन

@एस्केप_दाबा, हा न्याय व्हीआयलाही लावा की! बिल जॉयने बर्कलीत १९७६च्या सुमारास व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्या कळफलकावर एच-जे-के-एल या कळांवरच बाण छापलेले होते, आणि लिहिणं थांबवून हुकूम द्यायला लागणारा एस्केप होता आजच्या टॅबच्या जागी. तुमचाही एस्केप दूर कोपऱ्यात गेलाच ना? तरी तुम्ही दिवसभर तो बडवताच. कॅप्सलॉकचा कंट्रोल करून घ्या, चुटकीसरशी होतं, मनगटाचा प्रश्न मिटला.

आणि वर्डस्टारच्या चालीत मोड नाहीत. आपण आत्ता लिहितोय की हुकूम देतोय, हे लक्षात ठेवायची कटकट नाही.

प्रॅक्टिकलच्या_मॅडम

दोघांनाही नमस्कार. मी हे शिकवलं आहे, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर), मुलांच्या लॅपटॉपवर. काय होतं ते सांगते.

मूल सवयीने कंट्रोल-एस मारतं. फाइल सेव्ह होत नाही, कर्सर एक घर डावीकडे जातो. (सेव्हला एफ२.) मग कॉपी करायला कंट्रोल-सी मारतं, तर पान खाली सरकतं. पेस्टला कंट्रोल-व्ही मारतं, तर इन्सर्ट बंद होतं आणि पुढचं टाइप केलेलं आधीचा कोड खात जातं. घाबरून कंट्रोल-झेड मारतं, तर पडदा एक ओळ सरकतो. कंट्रोल-वाय मारलं तर अख्खी ओळ गायब. इतकं होऊनही मूल तग धरून असलं तर प्रोग्राम चालवायला कंट्रोल-एफ९ मारतं. टर्बोत तो ‘रन’, पण डॉसबॉक्समध्ये त्याच कळांनी डॉसबॉक्सच बंद होतं. दोष कुणाचाच नाही, पण न सेव्ह केलेला प्रोग्राम तर गेलाच.

निळी_स्क्रीन, मांडणी सुंदर आहे, मान्य. पण आज मुलाच्या बोटांत जे बसलेलं असतं त्यातलं जवळपास सगळं ती उलटं करते. आधी ते पुसायचं, मग हे शिकवायचं आणि मग व्हीएस कोड या आजच्या एडिटरसाठी परत पहिलं आणायचं. सेमिस्टरमध्ये एवढा वेळ कुणाकडे आहे?

आळशी_कोडर

मॅडमना +१. एफ१२ दाबलं की डेफिनिशन (नाव जिथे ठरवलंय ती जागा), ऑल्ट आणि डावा बाण दाबला की परत मूळ जागी. शब्द मागे, शब्द पुढे यात आता कोण अडकतं? कोड म्हणजे ओळींची चळत नाही, त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. त्या धाग्यांवरून जाता येतं तेच खरं नेव्हिगेशन.

निळी_स्क्रीन

@आळशी_कोडर, डेफिनिशनपाशी पोचल्यावर बदल करायला कर्सर हलवताच ना? तिथे परत बाणच बडवता.

शिवाय टर्बोत जागेवर खूण ठेवता यायची. कंट्रोल-के आणि आकडा दाबून खूण, कंट्रोल-क्यू आणि तोच आकडा दाबून परत तिथे. कंट्रोल-क्यू आणि चौकोनी कंस दाबला की जोडीचा कंस. ज्यांनी एका हरवलेल्या महिरपी कंसापायी पन्नास एरर पाहिल्यात, त्यांना याची किंमत कळेल. के-बी, के-केने ब्लॉक आखला की कर्सर कुठेही न्या, ब्लॉक आखलेलाच राहायचा. मग हव्या त्या जागी के-सी, की ब्लॉकची नक्कल. आज सिलेक्ट करून चुकून एक बाण दाबा, सिलेक्शन गेलं.

मॅडम, तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. डॉसबॉक्स नको. लिनक्सवर ‘जो’ नावाचा एडिटर आहे, त्याच्या ‘जेस्टार’ रूपात वर्डस्टारच्याच कळा चालतात. तिथे दाखवा.

एस्केप_दाबा

म्हणजे आता आणखी एक एडिटर! छान.

ऐकून_लिहितो

बराच वेळ वाचतोय, आता लिहितोच. मी दृष्टिहीन आहे, व्यवसायाने प्रोग्रामर. माउस मी वापरतच नाही, त्यामुळे हात कळफलकावर ठेवण्याचं कौतुक इथल्या कुणापेक्षाही मला जास्त असायला हवं. पण मला बाणाच्याच कळा हव्यात.

कारण साधं आहे. बाण दाबला की स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नवीन अक्षर बोलतो, कंट्रोल आणि बाण दाबला की शब्द बोलतो. त्या कळा त्याला आधीपासून ठाऊक आहेत. एडिटरने स्वतःच्या मनाने कंट्रोल-ईला ‘वर’ ठरवलं, तर कर्सर वर जाईलही, पण मला ऐकू काहीच येणार नाही, निदान वेगळी जुळणी करेपर्यंत. आणि ‘कॅप्सलॉकचा कंट्रोल करा, चुटकीसरशी होतं’ हे वाचून हसू आलं. माझ्या लॅपटॉपवर कॅप्सलॉक ही एनव्हीडीए या माझ्या स्क्रीनरीडरची कळ आहे. तीच काढून घेतली तर एडिटरच काय, बाकीचं काहीच चालणार नाही.

निळी_स्क्रीन, खुणा आणि कंसाच्या जोडीबद्दल पूर्ण सहमत. मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो परत जागेवर यायलाच. ते शिकवा, कुठल्याही कळांनी. एस-डी-ई-एक्सला माझा विरोध आहे.

निळी_स्क्रीन

कॅप्सलॉकचं माहीत नव्हतं, तो सल्ला मागे घेतो. पण एक विचारतो: स्क्रीनरीडरला कुठली कळ ‘वर’ आहे हे एडिटरनेच सांगायची सोय झाली, तर मग तरी तुमचा विरोध राहील का?

ऐकून_लिहितो

झाली की सांगा. तोवर राहील.